भोपळ्याखालचा माणूस

आमचं गाव सीनेच्या काठी. नदी असली तरी ती वर्षभर नसायची. दिवाळीनंतर पाणी आटायला लागे आणि त्याबरोबर आमची चूलही. आम्ही भोई. मासे धरायचे आणि आईने पाटीत घालून ते गावोगाव विकायचे, एवढाच आमचा धंदा. नदीत पाणी नसेल तेव्हा काय करायचं, याची व्यवस्था कुणी करून ठेवलेली नव्हती. ती दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, केली.

थंडीत गावतळ्यावर बाहेरदेशची बदकं उतरायची. दादा वाळलेले मोठे भोपळे पोखरून तळ्यात नुसते सोडून द्यायचे. बदकं आधी बुजायची, मग त्यांना सवय व्हायची. मग एक दिवस पहाटे दादा त्यातलाच एक भोपळा डोक्यात घालून पाण्यात शिरायचे. भोपळ्याला डोळ्यांपुरती दोन भोकं. बाकी सगळे दादा पाण्याखाली. वाऱ्याने भोपळा सरकावा तसे ते हळूहळू सरकत जायचे, बदकाजवळ पोचले की खालून पाय धरायचे आणि आवाज न करता खाली ओढायचे. कमरेच्या दोरीला बांधायचे. शेजारच्या बदकाला कळायचंही नाही. घरी आले की आई दादांच्या गारठलेल्या पायांना गरम राख लावायची आणि मग कालवण व्हायचं.

पुढे शिकारीवर बंदीचा कायदा आला. आमच्या गावात तो जरा उशिरा पोचला. पोचल्यावर दादांनी भोपळा उतरवून ठेवला आणि ते रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेले. त्या खडीवर मी डिप्लोमा केला, मग इंजिनिअरिंगची पदवी घेतली. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी सांगतो तेव्हा लोकांना वाटतं मी मिरवतोय. मिरवतोच आहे.

माझं लग्न पुण्यात ठरलं. सुजाताचे वडील, अण्णा, आमच्याच समाजाचे, पण तीन पिढ्या पुण्यात. शाळेत इतिहास शिकवायचे आणि समाजाच्या मंडळाचे चिटणीस. बैठकीला दादांनी मोकळेपणाने भोपळ्याची गोष्ट सांगितली. अण्णा सगळं ऐकून म्हणाले, "व्याही भलतेच विनोदी आहेत." सगळी बैठक हसली. दादाही हसले. त्यानंतर त्यांनी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. मी विचारलं तरी "असू दे रे" म्हणायचे.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचा प्रवास त्याच्यासाठी केला. जर्मनीत मी कामासाठी राहत होतो, पण काही बघायला म्हणून मुद्दाम गेलो तो एकदाच.

बॉबलिंगेन

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी बॉबलिंगेनला होतो. गाड्यांच्या सुट्या भागांची एक कंपनी, तिथे कॉन्ट्रॅक्टवर. त्यातल्या एका ऑक्टोबरात अण्णा आमच्याकडे राहायला आले होते. येताना एक जाड फाइल घेऊन आले होते, कारण मंडळाची स्मरणिका निघायची होती आणि संपादक तेच. पालख्या कोणी वाहिल्या, नावा कोणी चालवल्या, कुठल्या घाटावर कोणाची वस्ती, सगळं त्यात होतं. मी एकदा जेवताना म्हणालो, "अण्णा, दादांचं बदकांचंही घाला ना."

अण्णांनी पोळी मोडली. "जावईबापू, लेखी पुरावा आहे का?"

"दादा आहेत की."

"ते सांगणार म्हणजे ऐकीव. आणि आपल्या समाजाला लोक आधीच हसतात. त्यात डोक्यात भोपळा घातलेला माणूस छापला तर झालंच."

सुजाता म्हणाली, "अण्णा, माणूस खोटं बोलायला इतकं विचित्र कशाला बोलेल?"

"विचित्र बोलणाऱ्यांचीच पुस्तकं खपतात, बाळ."

त्यानंतर आठवडाभराने मी एस-बानच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, फलाटावर उभा होतो. समोर एक पोस्टर होतं. श्वेबिश आल्ब डोंगररांगेच्या पायथ्याशी एका लहान गावातल्या श्लोसमध्ये, म्हणजे जुन्या राजवाड्यात, चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांचं प्रदर्शन. विषय: शिकार, मासेमारी आणि रानातलं वेचणं. पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात एक चित्र होतं. तळं, बदकं आणि पाण्यातून वर आलेलं माणसाचं डोकं. डोक्याच्या जागी भोपळा.

माझी गाडी आली आणि गेली. पुढची पण गेली.

घरी येऊन मी सांगितलं. अण्णा म्हणाले, "छोट्या चित्रात काहीही दिसतं. मूळ बघू." शनिवार ठरला. बुधवारी त्यांचं परतीचं विमान होतं, म्हणजे जे काय व्हायचं ते तेवढ्यात व्हायला हवं होतं.

आल्बच्या पायथ्याशी

स्टुटगार्टला गाडी बदलली. सुजाताने पोळीभाजीचे रोल केले होते. जर्मन लोक गाडीत खाताना आवाज करत नाहीत, वास येऊ देत नाहीत आणि दुसऱ्याला विचारत नाहीत. अण्णांनी तिन्ही केलं. समोरच्या बाईंना त्यांनी रोल पुढे केला. बाईंनी घेतला, आणि उतरेपर्यंत भाजीत काय काय घातलंय हे सुजाताकडून समजून घेत होत्या. त्यांना मेथीला जर्मनमध्ये काय म्हणतात ते माहीत होतं. मला नव्हतं.

खिडकीतून एक नदी दिसली. काठाला एक माणूस गळ टाकून खुर्चीवर बसला होता. मी अण्णांना म्हटलं, "इथे मासे धरायला परवाना लागतो. कोर्स करून परीक्षा द्यावी लागते. आमच्या ऑफिसात एकजण दोन महिने अभ्यास करत होता."

"परीक्षा? मासे धरायला?"

"पेपर असतो. माशांची नावं, हाडं, कायदे."

अण्णांनी मान वळवून त्या माणसाकडे बघितलं. मग म्हणाले, "आपल्याकडे परीक्षेत नापास झाला की मासे धरायला पाठवतात."

गाव छोटं होतं. लाकडी चौकटींची घरं, मधून वाहणारा ओढा, त्यावर पूल. श्लोस उघडायला वेळ होता म्हणून आधी जेवायला गेलो. जेवणाचं कार्ड बघून अण्णांनी डाळ आणि श्पेत्सले नावाच्या जाड शेवया मागवल्या, कारण त्यात डाळ होती. ताट आलं. आमटीत शेवया आणि वरून व्हिनेगर. अण्णा दोन घास खाऊन म्हणाले, "यांना कुणीतरी फोडणी शिकवायला पाहिजे होती. तेवढ्यासाठी यांच्यावर राग नाही." मग त्यांनी माझ्या ताटातला मासा बघितला. ओढ्यातला ट्राउट, डोक्यासकट भाजलेला. मी अदलाबदल केली.

आता ते तीन पिढ्या पुण्याचे. पण मासा समोर आल्यावर त्यांनी काटा-सुरी बाजूला ठेवली, बोटाने कण्याची कड शोधली, एकदा हलकेच दाबलं आणि सगळा काटा अखंड उचलून बशीच्या कडेला ठेवला. गालातलं मांसही सोडलं नाही. वाढणारी बाई ताट न्यायला आली आणि तो काटा बघून थांबली. तिने आत जाऊन स्वयंपाक करणाऱ्याला बोलावून आणलं. तोही बघून गेला.

"अण्णा," सुजाता म्हणाली, "हे कुठल्या शाळेत शिकवतात?"

"आईने शिकवलं," अण्णा म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

श्लोसमध्ये

दोन मोठ्या खोल्या. दिवे इतके मंद की आत शिरल्यावर सुजाताने माझा हात धरला. जुना कागद उजेडाने जळतो म्हणतात. भिंतीवर वहीच्या पानाएवढी चित्रं, एकेका चौकटीत. तांब्याच्या पत्र्यावर टोकदार सळईने उलटं कोरायचं, कोरलेल्यात शाई भरायची आणि दाबून कागदावर घ्यायचं, असं ते काम. मी मशीनच्या ड्रॉइंग वाचून पोट भरतो, त्यामुळे रेघ ओळखतो. ती रेघ चांगली होती. एका रेघेतसुद्धा हात थरथरलेला नाही.

आणि काय काय काढलं होतं! रानडुकराच्या समोर भाला रोवून उभा राहिलेला माणूस. मशाली पेटवून रात्री मासे भोसकणारे. नदीत बांध घालून टोपली लावणारे, ती तर आमच्या घरी होती तशीच. पोळ्याखाली धूर करून मध काढणारे. ओकची फळं वेचणाऱ्या बायका, त्यांच्या ओट्या भरलेल्या. एका चित्रात दोघे जण फांद्यांना चिकट चीक लावून झाडाखाली पक्ष्यांची वाट बघत बसलेत आणि त्यातला एक पेंगतोय. मला ते फार आवडलं. शिकारीत निम्मा वेळ हेच असतं असं दादा म्हणायचे.

अण्णा शिक्षकासारखे बघत होते. प्रत्येक चित्रासमोर उभे राहून, चष्मा वर-खाली करून. एका ठिकाणी ते इतके पुढे झाले की भिंतीतून टीं टीं वाजायला लागलं. पहारेकरी धावत आला. अण्णा मागे सरून म्हणाले, "सॉरी. हिस्टरी टीचर." पहारेकऱ्याने मान डोलावली आणि तेव्हापासून तो आमच्या मागेमागे फिरू लागला.

दुसऱ्या खोलीच्या शेवटच्या भिंतीवर ते होतं.

पोस्टरपेक्षा मूळ लहान होतं, पण त्यात जास्त होतं. तळ्यात सात-आठ भोपळे तरंगतायत. त्यातल्या तीन भोपळ्यांखाली माणसं आहेत, बाकीचे रिकामे. एकाचा हात बदकाच्या मानेजवळ. काठावर एक बाई पकडलेली बदकं ओवून ठेवतेय. मी अण्णांकडे बघितलं.

अण्णांनी चष्मा वर केला. मग सुजाताला म्हणाले, "खाली काय लिहिलंय, वाच."

सुजाताने पाटी वाचली. जर्मन तिचं माझ्यापेक्षा चांगलं. "पूर्वेकडच्या देशातली बदकांची शिकार. चित्रकार... तो स्वतः कधी तिकडे गेला नव्हता. प्रवाशांच्या सांगण्यावरून काढलंय."

"पूर्वेकडचा म्हणजे कुठला?"

"तेवढंच लिहिलंय."

"जपानही पूर्वेकडेच आहे," अण्णा म्हणाले. "आणि या, तुम्हाला एक दाखवतो."

ते आम्हाला मागच्या भिंतीजवळ घेऊन गेले. तिथे हत्तीच्या शिकारीचं चित्र होतं. हत्तीला कुत्र्यासारखे पंजे होते. कान शिंपल्यासारखे. सोंड होती, पण ती सनईसारखी पुढे रुंद होत गेलेली.

"याच चित्रकाराचा. हाही ऐकूनच काढलाय," अण्णा म्हणाले. "ज्याने हत्ती असा काढला, त्याच्या भोपळ्यावर मी कसा विश्वास ठेवू, जावईबापू? मी चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो, पुरावा आपल्या बाजूचा असला तरी तपासायचा. आज आपल्या घरची गोष्ट आहे म्हणून सोडू?"

हत्ती खरंच वाईट होता.

बाहेरच्या दुकानात त्या बदकांच्या चित्राचं पोस्टकार्ड मिळत होतं. मी एक घेतलं. पाठीमागे वळून बघितलं तर अण्णाही एक घेत होते. "संग्रही असावं," म्हणाले.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीशी बसले. सुजाता वडिलांसमोर मला 'अहो' म्हणते, एरवी नावाने हाक मारते. तेव्हा ती कानाशी येऊन नावाने म्हणाली, "तू वाईट वाटून घेऊ नकोस. ते अजून विचार करतायत. भाजी खाल्ली नाही त्यांनी उरलेली."

पुन्हा बॉबलिंगेन

स्टेशनवरून घरी येताना वाटेत एका शेतकऱ्याचा स्टॉल लागतो. फळीवर भोपळे मांडलेले, शेजारी नाणी टाकायची पेटी. माणूस नाही. अण्णा तिथे थांबले.

"मालक कुठंय?"

"नसतो अण्णा. आपण पैसे टाकायचे आणि न्यायचं."

"आणि नाही टाकले तर?"

"टाकतात."

अण्णांनी हे पटल्यासारखं केलं आणि भोपळे चाचपायला लागले. भले मोठे सोडून दिले. मग एक उचलला, फिरवला आणि मला म्हणाले, "जावईबापू, जरा डोकं आणा इकडे."

मी डोकं नेलं. त्यांनी भोपळा माझ्या कानाशी धरून मापला. सायकलवरून जाणारं एक जोडपं वेग कमी करून गेलं.

"बसतोय," अण्णा म्हणाले. "चित्रकार ऐकून काढणारा. तुमचे वडील सांगणारे. मग तिसरं उरतं, प्रयोग. बदकं भोपळ्याजवळ येतात की नाही, एवढंच बघायचं." पैसे टाकल्यावरही ते निघेनात. कुणीतरी पाहिलेलं असावं अशी त्यांची इच्छा होती. शेवटी समोरच्या खिडकीत एक आजी दिसल्या, त्यांना पेटी दाखवून नमस्कार केला, मग निघाले.

बॉबलिंगेनच्या मधोमध तळं आहे. रविवारी सकाळी आम्ही तिघे तिथे गेलो. धुकं होतं. अण्णांनी कानटोपी घातली होती आणि भोपळ्याला पायजम्याची नवी नाडी बांधली होती, कारण घरात दुसरी दोरी नव्हती. भोपळा पाण्यात सोडला. तो तरंगला. बदकं ओरडत लांब गेली.

"गेली," अण्णा म्हणाले. "संपला विषय."

"दादा आधी काही दिवस नुसते सोडून ठेवायचे."

"माझं बुधवारी विमान आहे."

आम्ही बाकावर बसलो. नाडीचं टोक अण्णांच्या हातात. एवढ्यात एक वयस्क बाई कुत्रं घेऊन आल्या. ठेंगणं, लांबट कुत्रं. बाईंनी आमच्याकडे बघितलं, नाडीकडे बघितलं, नाडीच्या टोकाला भोपळा बघितला.

"बदकांना खायला घालायला बंदी आहे," त्या म्हणाल्या. "तिकडे पाटी आहे."

सुजाता म्हणाली, "खायला घालत नाही. हा इतिहासाचा प्रयोग आहे."

बाई पाटीजवळ गेल्या, चष्मा लावून ती पूर्ण वाचली आणि परत आल्या. "भोपळ्याबद्दल त्यात काही नाही," त्या म्हणाल्या. "गेनाऊ, अगदी बरोबर, नाही." मग त्या आमच्याच बाकावर बसल्या. कुत्रंही बसलं. नियम मोडला जाणार असेल तर तो समोरच मोडला जावा, असा त्यांचा विचार असावा.

धुकं थोडं उठलं. आधी एक बदकी आली. भोपळ्याभोवती एक फेरी मारली, चोचीने टोचून पाहिलं आणि काही मिळत नाही म्हणून तिथेच पंख साफ करत बसली. मग आणखी दोन आली. वारा सुटला होता, ती भोपळ्याच्या आडोशाला जाऊन थांबली. अण्णा उठले. नाडी अगदी हळू ओढत त्यांनी भोपळा काठाजवळ आणला. बदकं भोपळ्याबरोबर आली. अण्णा गुडघ्यावर बसले, बाही वर केली आणि हात पाण्यात घातला, कोपरापर्यंत, भोपळ्याच्या खाली. सगळ्यात जवळच्या बदकाचा पाय त्यांच्या बोटांपासून वीतभर असेल. बदक पंखच साफ करत होतं.

बाईंनी कुत्र्याचं तोंड धरलं.

अण्णांनी काही केलं नाही. हात तसाच ठेवला. काही वेळाने त्यांनी तो बाहेर काढला, तेव्हा लालभडक झाला होता आणि बोटं मिटत नव्हती. सुजाताने आपल्या मफलरमध्ये तो गुंडाळला.

"फार गार आहे पाणी," अण्णा म्हणाले.

"आपल्याकडे इतकं नसतं," मी म्हणालो.

"पण पहाटेचं. आणि मानेपर्यंत." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "किती वेळ उभे राहायचे ते?"

"कालवणापुरतं मिळेपर्यंत."

अण्णा परत बाकावर बसले. मग म्हणाले, "विनोद करायला माणूस इतक्या गार पाण्यात उतरत नाही. फोन लावा."

गावात नुकतीच मोबाइलची रेंज यायला लागली होती, पण ती मारुतीच्या पारावरच मिळायची. दादा रविवारी दुपारी तिथेच असतात. घंटा वाजली. दादा जोरात बोलतात, कारण जर्मनी लांब आहे. सगळ्या बाकाला ऐकू येत होतं.

"राम राम व्याहीबुवा," अण्णा म्हणाले. "कसं आहे?"

"बरं हाय की. तुम्ही कसं? तिकडं काय खायला घालतंय पोरगं?"

"शेवयांची आमटी."

"अरारा."

"व्याहीबुवा, एक काम होतं. ते भोपळ्याचं, बदकांचं. तुम्ही बैठकीत सांगितलं होतं ना, ते परत एकदा सांगा. पहिल्यापासून."

पलीकडे काही आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली. मग दादा म्हणाले, "कशाला? हसायला?"

अण्णा म्हणाले, "नाही. छापायला. आणि त्या दिवशी मी हसलो, ते चुकलंच माझं."

आमच्या गावात कोंबडा आरवलेला बॉबलिंगेनच्या तळ्यावर ऐकू आला. मग दादा खाकरले. "ल्ह्या मग," ते म्हणाले. "भोपळा आधी नीट वाळला पाहिजे. वला घेतला तर डोस्क्यात बिया पडत्यात."

अण्णांनी डाव्या हाताने लिहून घेतलं, पोस्टकार्डाच्या पाठीवर. उजवा अजून मफलरमध्ये होता. जागा संपली तेव्हा त्यांनी माझं पोस्टकार्ड मागितलं. बाई शेवटपर्यंत बसल्या होत्या. निघताना त्यांनी सुजाताला विचारलं, निकाल काय लागला. सुजाता म्हणाली, बरोबर निघालं. बाईंनी अण्णांशी हस्तांदोलन केलं, डाव्या हाताशी, आणि म्हणाल्या की भोपळा तेवढा काढून न्या.

काढून नेला. सुजाताने त्याचे घारगे केले.

स्मरणिका पुढच्या वर्षी निघाली. पालख्यांच्या प्रकरणानंतर 'तळ्यावरची शिकार' असं प्रकरण आहे. दादांचा फोटो आहे, पारावर बसलेला, मांडीवर जुना भोपळा. त्याखाली प्रदर्शनातलं ते बदकांचं चित्र, आणि चित्राखाली अण्णांनी लिहिलंय: 'हे चित्र ऐकीव माहितीवर काढलेले आहे. वरील मजकूर तसा नाही.' गावात प्रती पोचल्या त्या दिवशी दादांनी पारावर बसून ती गोष्ट सगळ्यांना परत सांगितली, असं आई म्हणाली. हसलं कुणी नाही.

आमच्या घरातून पदवी पहिल्यांदा मी मिळवली. छापलेल्या इतिहासात पहिले दादा गेले.